पाण्याची वेळ

हे आजवर माझ्या तोंडून गेलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलींपाशी नाही, देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा नाही — तिथेही मी दुसरंच काहीतरी पुटपुटून उठत आले. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता गप्प बसण्याचाच कंटाळा आला, म्हणून असेल.

कुठून धरू?

माझ्या आवाजापासून धरते. टेलिफोनवर वेळ सांगणारी बाई — ती मी होते. पुढे यंत्र आलं, त्यात भरलेला आवाजही माझाच. कित्येक वर्षं कारखान्यांचे भोंगे माझ्या आवाजावर वाजले. लोक मनगटावरचं घड्याळ लावताना रिसीव्हर कानाला धरायचे, आणि मी सांगायचे. ओळखीपाळखीत त्याचं कौतुक होतं. अजून कुणी विषय काढला की घरातले माझ्याकडे बोट दाखवतात. मी हसते. त्या हसण्याचंही एकदा सांगून टाकायला हवं होतं.

आमचं गाव तुर्भ्याकडच्या खाडीच्या एका फाट्यावर. आता तिथे भराव पडला, सेक्टर आले, वाट कुठून जायची ते मलाही दाखवता येणार नाही. तेव्हा एका बाजूला आमची घरं आणि मिठागरं, दुसऱ्या बाजूला नव्याने उभे राहणारे कारखाने, आणि मधे खाजण, भरतीला बुडणारी चिखलाची जमीन. ओहोटीला त्या खाजणातून पायवाट मोकळी व्हायची. वीस मिनिटांत पार. भरतीला वाट पाण्याखाली, मग लांबच्या बांधावरून तासाभराचा फेर. गावातल्या बऱ्याच बायका एका औषधांच्या कारखान्यात बाटल्या भरायला, पेट्या बांधायला जाऊ लागल्या होत्या. मी मॅट्रिक झालेली गावातली पहिली मुलगी, म्हणून मला टेलिफोन एक्स्चेंजात जागा मिळाली. कारखान्यांसाठीच उघडलेलं ते छोटं एक्स्चेंज होतं.

तिथे दोन तऱ्हेचं काम असे. एक बोर्डावर — फोन घ्यायचा, जोडून द्यायचा, दोन शब्द बोलायचे. दुसरं वेळेच्या खुर्चीवर. समोर भिंतीवर मोठं घड्याळ, तोंडाशी माइक, आणि दर अर्ध्या मिनिटाला वेळ सांगायची. ऐकणारा ऐकतो आणि ठेवतो. त्याचं आपल्याला काही ऐकू येत नाही. अर्ध्या तासाने दुसरी मुलगी येऊन बसते, कारण घसा सुकतो. नियम एकच होता आणि तो कडक होता — त्या खुर्चीत बसून वेळेखेरीज एक अक्षर बोलायचं नाही. खोकलासुद्धा नाही.

आता जनीवहिनी.

भावकीतली वहिनी. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, दोन मुलांची आई, चालता चालता बोलणारी आणि बोलता बोलता मागे पडणारी. कारखान्यात पेट्या बांधायची. संध्याकाळी आमच्या ओट्यावर टेकली की मला चिडवल्याशिवाय उठायची नाही.

“काय गो घड्यालबाय, आज किती वाजवलंस?”

मी म्हणायचे, वहिनी, मी वाजवत नाही, सांगते.

“तेच गो. नवऱ्याला सांगशील तवा बग, तो आयकनार नाय!”

एक दिवस मात्र ती चिडून आली. कामाचा जोर असला की फोरमन बायकांना पाचनंतर थांबवून घ्यायचा. बायका म्हणायच्या, पाणी येतंय, सोडा. तो म्हणायचा, रोज तुमचं पाणी येतंच. शेडला खिडक्या नाहीत, पाणी दाखवायचं तरी कसं? “आमच्या सांगन्यावं त्याचा इस्वास नाय,” वहिनी म्हणाली. “फाटकावं वाचमन हाय, त्याच्या हातात फोन हाय, त्याचं फोरमन आयकतो. पन वाचमन बिचारा घाटावरचा. त्याला भरती कंची नि ओहोटी कंची कलत नाय. तू सांग ना त्याला. तुला काय, दोन शब्द.”

भरतीची वेळ काढणं आमच्यात पोरंही शिकतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा — सहाला भरती. आणि त्याच्या तीन तास आधी खाजणातली वाट सोडायची. घरी आत्या रोज सकाळी पंचांग बघून तिथी मोठ्याने म्हणायची, मी डोक्यात हिशेब करायचे, आणि दुपारी बोर्डावर असताना वॉचमनचा फोन आला की हळूच सांगायचे. नियमात बसत नव्हतं. म्हणून वहिनीला शपथ घातली होती, कुणाला बोलायचं नाही. बाकीच्या बायकांना वाटायचं, वॉचमन स्वतःच पंचांग बघतो.

वॉचमनचं नाव बाबूराव. साताऱ्याकडचे. मी त्यांना एकदाही समोरासमोर पाहिलं नव्हतं, नुसता आवाज.

“ताई, पान्याचं काय हाय आज? मला तर गुडघ्याएवढी विहीर बगून चक्कर येती. तुमी सांगाल त्येच खरं.”

हे त्यांचं रोजचं वाक्य. मला ते आवडायचं. का आवडू नये? वीस-बावीस वर्षांची मुलगी, आणि एक मोठा माणूस म्हणतो, तुम्ही सांगाल तेच खरं. आधी आमच्या बायका पाणी बघून निघायच्या. आता माझ्या सांगण्यावर निघू लागल्या होत्या. याचा मला अभिमान होता. लिहायला नको वाटतं, पण होता.

मग बातमी आली की वेळ सांगायला यंत्र येणार, आणि त्यात भरायला तीन मुलींतून एकीचा आवाज निवडणार. मुंबईहून एक साहेब येऊन ऐकणार. त्या तिघींत मी होते. ते दिवस कसे गेले, काय सांगू? मी घरी जाणं सोडलं. ठाण्याला रोझी म्हणून एक मैत्रीण होती, एक्स्चेंजातलीच, तिच्या खोलीवर आठवडाभर राहिले. आरशासमोर उभी राहून आकडे म्हणायचे. गरम पाण्याच्या गुळण्या करायचे. रोझी म्हणायची, “अगं ए, झोपेत पण टाइम सांगतेस तू. काल मला पावणेआठला उठवलंस आणि वाजले होते सहा!”

रोझीच्या घरी पंचांग नव्हतं. एकादशी नाही, संकष्टी नाही. मी बोटांच्या पेरांवर तिथी मोजत होते. काल षष्ठी, आज सप्तमी, उद्या अष्टमी. आणि त्या पंधरवड्यात सप्तमी दोन होत्या. तिथी वाढली होती. आमच्याकडे लहान मूलही जाणतं की तिथी कधी वाढते, कधी पडते, म्हणून तर पंचांग बघायचं असतं. मी बघितलं नाही. शेजारी मराठी कुटुंब होतं, एक दार वाजवलं असतं तर कळलं असतं.

त्या दिवशी दुपारी बोर्डावर बाबूरावांचा फोन आला. ट्रक भरायचा आहे, फोरमन बायकांना थांबवतो म्हणतोय, कधीपर्यंत चालेल? माझ्या पेरांवर त्रयोदशी होती. पावणेदहाची भरती, पावणेसातपर्यंत वाट. मी म्हटलं, “सहापर्यंत खुशाल थांबवा.” हातचा वेळ राखून सांगितलं असंसुद्धा मला वाटलं. त्यांनी विचारलं, “नक्की ना ताई?” मी म्हटलं, नक्की. ज्या आवाजात साहेबांपुढे बोलायचं होतं, त्या आवाजात म्हटलं. तालीम म्हणून.

खरी तिथी द्वादशी होती. सहालाच वाट बुडणार होती.

दिवस थंडीचे, अंधार लवकर पडायचा. सहाचा भोंगा झाल्यावर बायका निघाल्या. नंतर एकीने मला सांगितलं — शेडमध्ये एक-दोघी कुरकुरत होत्या, आज उशीर होतोय, पाणी येईल. जनीवहिनी त्यांना म्हणाली होती, “गप बांधा गो पेट्या. वाचमनला बरोबर म्हाइत हाय.” असं म्हणून ती गालात हसली, असंही ती बाई म्हणाली. का हसली ते तिला कळलं नव्हतं. मला कळलं.

खाजणात पाणी समोरून येत नाही. बाजूच्या नाळेतून, म्हणजे खाडीच्या अरुंद फाट्यातून, पाठीमागून येतं. पुढच्या चार जणी एकमेकींचे पदर धरून कमरेएवढ्या पाण्यातून बांधाला लागल्या. वहिनी मागे होती. ती दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडली, तिवरांच्या झाडीत.

चौकशी झाली. बाबूरावांनी सरळ सांगितलं, टेलिफोनवरच्या ताईंनी सहा सांगितले. कारखान्यातून आमच्याकडे फोन आला, सुपरवायझरनी मला बोलावलं. टेबलावर त्यांचा चहा निवत होता. “तुम्ही कारखान्याच्या वॉचमनला काही सांगितलं होतं?”

मी म्हटलं, “टेलिफोनवरून आम्ही फक्त वेळ सांगतो.”

एवढंच. वाक्य खरं होतं, बघा. त्यात एक शब्द खोटा नव्हता. सुपरवायझर म्हणाले, तेच मी त्यांना सांगितलं, आता नोकरी वाचवायला माणूस काहीही बोलतो. आणि मी मान हलवली. ती मान हलवणं मला वाक्यापेक्षा जास्त आठवतं.

बाबूरावांना काढलं. गावात तर त्यांचं नाव घेतलं की लोक थुंकायचे. घाटावरचा, त्याला पाण्याची काय अक्कल, मालकाची मर्जी राखायला बाई मारली. माझ्या वडिलांनीही म्हटलं. आत्यानेही म्हटलं. मी तिथेच भाकरी खात बसले होते. दामूदादा, वहिनीचा नवरा, एकदा फाटकापाशी जाऊन त्यांच्या अंगावर धावून गेला, लोकांनी सोडवलं म्हणे. त्याच दामूदादाने माझी निवड झाल्यावर नारळ आणून माझ्या हातात दिला. म्हणाला, “तुजी वैनी असती तर गाव डोक्यावं घेतला असतान तिनं.” मी तो नारळ घेतला.

गाव सोडण्याआधी बाबूरावांचा एकदा फोन आला होता. मी बोर्डावर होते. त्यांनी माझा आवाज ओळखला, मी त्यांचा. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्या क्षणी मी देवाकडे मागितलं की त्यांनी शिव्या द्याव्यात.  ते म्हणाले, “ताई, टाइम काय झाला?”

मी टाइम सांगितला.

“बरं,” म्हणाले, आणि ठेवला.

पुढे ते कुठे गेले, जगले की नाही, मला माहीत नाही. मी शोधलं नाही. शोधता आलं असतं. ज्या बाईचं कामच टेलिफोन जोडून देण्याचं, तिला साताऱ्याकडचा एक माणूस शोधता आला नसता?

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटलं असेल — चूक झाली, मग भीतीने गप्प बसली. तरुण होती. मोजण्यात एक दिवस इकडेतिकडे झाला. वाईट झालं, पण होतं माणसाकडून. मला स्वतःला मी हेच सांगत आले. रात्र सरण्यापुरतं ते पुरायचं.

पण एवढंच नाही. जे सांगायचं म्हणून लिहायला बसले ते अजून राहिलंच आहे. मी त्याच्याभोवती फिरते आहे, हे मलाही दिसतं आहे.

त्या संध्याकाळी साडेपाच ते सहा मी वेळेच्या खुर्चीवर होते. मुंबईचे साहेब त्याच दिवशी आले होते. माझ्या पाठीमागे खुर्ची टाकून, कानाला हेडफोन लावून ऐकत होते. शिपायाने त्यांच्यासाठी बटाटेवडे आणले. मला वास आला. साहेब शिपायाला हळूच म्हणाले, “आण आण, आणखी दोन आण. काल एकादशी होती, दिवसभर चहावर काढला.”

काल एकादशी.

माझ्या मोजणीत एकादशी परवा होऊन गेली होती.

मी तोंडाने सांगितलं, “पाच वाजून चाळीस मिनिटं.” आणि मला कळलं. पुरतं कळलं. आज द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. नवातून तीन गेले, सहा. डोळ्यांसमोर खाजण आलं, नाळ आली. वीस मिनिटं होती. त्या क्षणी बायका सुटल्या असत्या तर भराभर चालून गेल्या असत्या. मला फक्त हात वर करायचा होता. हात वर केला की सुपरवायझर यायचे, दुसरी मुलगी खुर्ची धरायची, मी बोर्डावर जाऊन फाटकाला फोन लावला असता. पण का उठलीस, असं विचारलं असतं. साहेबांच्या समोर विचारलं असतं. वेळेच्या लाइनीवरची मुलगी गावच्या बायकांना पाण्याच्या वेळा सांगते, हे बाहेर आलं असतं. निवड गेली असती. कदाचित नोकरीही.

मी हे सगळं मोजलं. घाबरून काही सुचेना, असं झालं नाही. तसं मी लिहू शकते, तुम्हाला पटेलही. पण मी शांतपणे मोजत होते, आणि मधे मधे वेळ सांगत होते. पाच वाजून पंचेचाळीस मिनिटं. मनात म्हणत होते, वहिनीला पाणी कळतं, ती बघेल. पाच वाजून पन्नास मिनिटं. अंधार पडतोय हे खिडकीतून दिसत होतं. तरी म्हणत होते, त्या बांधावरून जातील. तिच्यासारखी बाई चुकायची नाही. पाच वाजून पंचावन्न. साहेबांनी मागे कागदाला हात पुसल्याचं ऐकू आलं.

सहाला बाबूराव ऐकणार, हे मला माहीत होतं. रोज ते भोंगा माझ्या आवाजावर द्यायचे. त्या संपूर्ण पट्ट्यात त्या वेळी कान लावून बसलेला एक माणूस असा होता की ज्याला मी ‘वाट बंद’ एवढे दोन शब्द म्हटले असते तर पुरे होतं. त्याने बायकांना बांधावरून धाडलं असतं. वाटेला लागेपर्यंत, त्या क्षणापर्यंतसुद्धा, उशीर झालेला नव्हता. काटा वर सरकताना मी बघत होते. तोंड माइकशी होतं. त्यांना माझं ऐकू येत होतं, मला त्यांचं काहीही ऐकू येत नव्हतं.

मी म्हटलं, “सहा वाजले.”

लांबून भोंगा झाला. साहेबांनी हेडफोन काढला आणि म्हणाले, आवाज कुठे म्हणून हलला नाही, हाच घ्यायचा.